पाठ लागली की निकाल लागला

कोल्हापुरात खासबागेजवळ पाठ जमिनीला लागणं ही साधी गोष्ट नव्हे. शाहू महाराजांनी उभारलेलं हे कुस्तीचं मैदान १९१२ पासूनचं, आणि इथला कायदा तेव्हापासून एकच: ज्याची पाठ लागली तो हरला. का लागली, कशी लागली, समोरच्यानं काय केलं, याची चर्चा नंतर तालमीच्या कट्ट्यावर आठवडाभर चालते. निकाल मात्र तिथल्या तिथं. परवा सकाळी साडेनऊला माझीही पाठ लागली. फरक एवढाच, की मी मैदानाच्या आत नव्हतो, बाहेरच्या रस्त्यावर होतो. अंगाला तांबडी माती नव्हे, डांबर लागलं. आणि माझ्यावर डाव टाकणारा पैलवान नव्हता. एका पांढऱ्या मोटारीचं उजव्या बाजूचं दार होतं.

निकाल मात्र मैदानातलाच लागला.

थोडं मागून सांगतो. मी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये हिशेब लिहितो. घरात एक मोपेड होती. थोरली कॉलेजला जायला लागली तेव्हा एके दिवशी "पप्पा, मी गाडी घेऊन जातो," म्हणाली आणि गेली. (आमच्याकडे मुलीही 'जातो'च म्हणतात, परगावच्या पाहुण्यांनी दचकू नये.) तेव्हापासून गाडी कागदावर माझी आहे आणि किल्लीनं तिची. मग मी माळ्यावरून वडिलांची सायकल काढली. काळी, उंच, वीस किलोच्या घरातली. पेठेतल्या सायकलवाल्यानं टायर, चेन आणि ब्रेकचे रबर बदलून दिले आणि हात पुसत म्हणाला, "हिला आता तीस वर्षं बघायला नको. तुम्ही तेवढं जपा."

जपायचं म्हणजे काय, ते रस्त्यावर आल्यावर कळलं.

माझ्या रोजच्या वाटेवर पाटी लावलेला, रंग दिलेला सायकल ट्रॅक नाही. पण ट्रॅक नसला तरी सायकलवाल्याची जागा कुठली, हे सगळ्या गावाला पाठ आहे. रिक्षावाला तोंडानं सांगतो, केएमटी बसचा ड्रायव्हर हॉर्ननं सांगतो, मागून येणारं पोरगं बुलेटच्या आवाजानं सांगतं. "कडंनं चला की ओ!" कड म्हणजे पांढऱ्या पट्टीच्या डावीकडची दोन-तीन हात जागा. हाच आमचा ट्रॅक. यावर माझं काही म्हणणं नाही. मी आयुष्यभर कडेनंच चालत आलोय. अडचण एवढीच, की सकाळी "कडंनं चला" म्हणणाऱ्याची गाडी संध्याकाळी त्याच कडेला उभी असते.

दोन वर्षं रोज जाऊन-येऊन या कडेच्या रहिवाशांचा माझा चांगला अभ्यास झाला आहे. पहिली जात 'दोन मिनिट'वाल्यांची. यांना औषध घ्यायचं असतं, नारळ घ्यायचा असतो, भावाला हाक मारायची असते. हे दोन्ही बाजूंचे दिवे लुकलुकत ठेवून उतरतात. दिवे लुकलुकत असले की गाडी तिथं असूनही नसते, अशी यांची श्रद्धा. दोन मिनिटं हे यांच्याकडे कालमापन नसून स्वभाव आहे. मी एकदा घड्याळ लावून पाहिलं होतं. नारळ घेऊन माणूस परत आला तेव्हा माझं पंक्चर काढून झालं होतं.

दुसरी जात मुक्कामी. यांच्यावर कापडी आच्छादन असतं. मिरजकर तिकटीच्या अलीकडे अशी एक गाडी आहे, तिच्याखाली मांजरीच्या दोन पिढ्या मी वाढताना पाहिल्या. तिसरी जात हंगामी, म्हणजे मांडव. मांडवाविषयी कोल्हापुरात कोणी लेखी काही बोलत नाही, त्यामुळे मीही एवढंच म्हणतो की मांडव दहा दिवसांनी निघतो आणि खांबांचे खड्डे वर्षभर राहतात. चौथी जात बांधकामवाल्यांची: घर पूर्ण होऊन वास्तुशांतीचं जेवण जिरतं, तरी उरलेली खडी कडेलाच असते. आणि पाचवी, सर्वांत कपटी, ती गटारीवरची लोखंडी जाळी. तिच्या गजांमधली फट बरोबर सायकलच्या टायरएवढी आणि रस्त्याच्या दिशेनंच केलेली असते. जाळी बसवणाऱ्यानं एकदा तरी सायकल चालवली असती तर ती आडवी बसवली असती.

यांच्यात सर्वांत समंजस म्हैस. गंगावेशीत संध्याकाळी दूध कट्ट्यावर समोर धार काढून दूध देतात. तिकडे निघालेली म्हैस वाटेत भेटली तर मला बरं वाटतं. ती तुमच्याकडे बघते. अंदाज घेते. मग अर्धं पाऊल सरकते, नाहीतर सरकत नाही. पण जे काय ठरवायचं ते डोळ्यांत डोळे घालून ठरवते. शिवाय म्हशीला दार नसतं.

दाराचं गणित पायी चालणाऱ्याला किंवा मोटारीतल्याला सहसा ठाऊक नसतं, म्हणून सांगतो. कडेला गाडी उभी असली की सायकलवाल्याला उजवीकडे सरकावं लागतं. किती सरकावं? गाडीचं दार पूर्ण उघडलं तर जवळपास मीटरभर बाहेर येतं. म्हणजे शहाण्या माणसानं उभ्या गाडीपासून मीटरभर लांबून जावं. पण मीटरभर लांबून गेलं की तुम्ही रस्त्याच्या मध्यावर येता, आणि मागचा ट्रक, त्यामागची बस, त्यामागचा टेम्पो एका सुरात विचारतात, "रस्ता बापाचा हाय काय?" म्हणून माणूस घाबरून गाडीच्या अंगाला खेटून जातो. आणि नेमकं तेव्हाच आतल्या माणसाला आठवतं, की अरे, उतरायचं होतं.

तसंच झालं. घंटी मारायला अंगठा उचलला तोवर दार आलं. हँडल दारात, मी हवेत, आणि मग पाठ.

कोल्हापूरच्या माणसाच्या मदतीबद्दल मी कधी वाईट बोलणार नाही. मी पडलो आणि चार सेकंदांत दहा माणसं जमली. एकानं मला उचललं, एकानं सायकल. एकानं पाणी दिलं, दुसऱ्यानं ते काढून घेऊन "आधी चूळ भरा" म्हणून परत दिलं. समोरच्या टपरीवरून न सांगता चहा आला. एक म्हातारे गृहस्थ खाली बसून माझी निसटलेली चेन बसवायला लागले, धोतराला ग्रीस लागतंय याचीही त्यांना पर्वा नव्हती. डोळ्यांत पाणी यावं असं दृश्य होतं. आणि मग, चहा अर्धा झाल्यावर, कोर्ट भरलं.

"काका, घंटी न्हाई मारायची व्हय?"

"एवढी मोठी गाडी दिसली न्हाई?"

"एवढं चिकटून कशाला जायचं? रस्ता रिकामा हाय की."

"मधनं कशाला जायचं पण? कडंनं जायचं."

"अवो, कडंला गाडी हुती न्हवं!"

"मग थांबायचं."

"ह्या वयात सायकल काढूच नये."

"हेल्मेट कुठाय?"

शेवटचा प्रश्न विचारणाऱ्याचं हेल्मेट त्याच्या मोटारसायकलच्या आरशाला लटकत होतं. पण आरोपीनं पंचांना उलट विचारायचं नसतं. मी चहा पीत राहिलो. दहा मिनिटांत माझ्यावर सात दोषारोप झाले, त्यांतले चार एकमेकांच्या विरोधात होते, आणि सगळे एकमतानं मंजूर झाले. मोटारीचा मालक तिशीतला, सभ्य पोरगा, माझ्यापेक्षा जास्त घाबरलेला. तो हात जोडून एकच वाक्य परत परत म्हणत होता, "काका, माझी गाडी उभीच हुती की ओ."

आणि प्रत्येक वेळी कोर्ट मान डोलवत होतं. उभीच होती. खरंच की.

त्या वाक्यावर मी रात्री पाठीला हळद-तेल चोळून घेताना बराच विचार केला. आपल्याकडे दोन चालती वाहनं धडकली तर दोष मोठ्या वाहनाचा, हा जुना रिवाज आहे; ट्रक आणि स्कूटर म्हटलं की ट्रकवाला आधी पळतो, मग काय झालं ते बघतो. पण वाहन उभं केलं की ते पापमुक्त होतं. उभी मोटार म्हणजे आपल्या दृष्टीनं झाड, देऊळ, टेकडी. ती तिथं कुणी आणून ठेवली, हा प्रश्नच मनात येत नाही. झाडावर धडकलेला माणूस झाडाला दोष देत नाही, आणि कडेला गाडी लावणारा झाडाच्या निष्पापपणानं आपल्याकडे बघतो. जो हलत होता तो चुकला. जो खाली पडला तो तर चुकलाच चुकला. खासबागेचा कायदा.

सरकारी कागद तसं म्हणत नाहीत. केंद्राच्या २०१७ च्या वाहनचालन नियमांत पदपथावर, सायकल ट्रॅकवर आणि पादचाऱ्यांच्या पट्ट्यांवर वाहन उभं करायला मनाई आहे. केंद्रीय वाहतूक मंत्रालयाच्या हिशेबाप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत सायकलवाले ४,८०० च्या आसपास. मी हिशेबनीस असल्यामुळे त्या अहवालातले रकाने बघितले. टक्कर कशी झाली याच्या रकान्यांत 'उभ्या वाहनाशी' असा एक वेगळा रकाना असतो. म्हणजे उभी गाडी काही करत नाही, हे सरकारलाही मान्य नाही.

"ट्रॅक करून दिला की प्रश्न मिटला," असं आमचे साहेब म्हणतात. मिटतो का, ते पुण्याला जाऊन बघावं. २००६ साली तिथं स्वारगेटच्या दोन्ही अंगांना, कात्रज आणि हडपसरकडे, बीआरटी म्हणजे बसची वेगळी मार्गिका आली, तिच्या बाजूनं सायकलींना वेगळी वाट आली. त्या वाटेवर दुचाक्या लागल्या, टपऱ्या लागल्या आणि सायकलवाला परत बसच्या शेजारी आला. पुढं २०१७ च्या अखेरीस पुण्यानं ८०० किलोमीटरहून मोठ्या जाळ्याचा सायकल आराखडा मंजूर केला, भाड्याच्या रंगीत सायकलीही आल्या. थोड्या वर्षांत त्या सायकली जशा आल्या तशा गेल्या. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ च्या सुमाराला १३ किलोमीटरचा ट्रॅक केला, खर्च सहा कोटींच्या वर. त्यावर मोटारी उभ्या राहिल्या, सायकली येईनात. आणि सायकली येत नाहीत म्हणून अलीकडे तो काढून मोटारींसाठी रस्ता रुंद करायचं ठरलं. वहिवाटीनं जमीन मिळते हे ऐकलं होतं. सायकल ट्रॅकही मिळतो, हे नवीन.

याचं मूळ मला रुंदीत दिसतं. इंडियन रोड्स काँग्रेसनं १९६२ सालीच सायकल ट्रॅक कसा आखावा याची पुस्तिका काढली. दोन सायकली शेजारून जाव्यात म्हणून किमान रुंदी सांगितली २ मीटर. आपल्या साध्या मोटारीची रुंदी असते पावणेदोन मीटरच्या आत-बाहेर. म्हणजे ज्या सज्जनांनी सायकलचा ट्रॅक आखला, त्यांनी नकळत एक मोटार दोन्हीकडे चार-चार बोटं सोडून व्यवस्थित बसेल अशी जागा आखून दिली.

हे फक्त आपल्याकडे घडतं असं समजून कुणी मान खाली घालू नये. २०११ साली न्यूयॉर्कमध्ये केसी नायस्टॅट नावाच्या एका तरुणाला पोलिसांनी ५० डॉलरचा दंड केला. गुन्हा काय, तर सायकलच्या पट्ट्यातून सायकल चालवली नाही. त्यानं मग एक फिल्म काढली: आता मी पट्टा सोडणारच नाही, म्हणून तो सरळ जातो आणि पट्ट्यात जे जे उभं आहे त्यावर नेमानं आदळतो. टॅक्सी, ट्रक, रस्ता दुरुस्तीचं सामान आणि शेवटी पोलिसांचीच गाडी. मी ती फिल्म पाहिली तेव्हा हसलो. पडल्यावर परत पाहिली, तेव्हा फक्त तो कुठल्या कुशीवर पडतो ते बघत होतो.

आपल्याकडे एकेकाळी सायकलवाल्याचे सगळे कागद होते, हे नव्या पोरांना खरं वाटत नाही. सायकलवर कर होता, कर भरला की पत्र्याचा बिल्ला मिळायचा. वडिलांच्या सायकलला तो अजून हँडलखाली गंजून बसलाय. रात्री दिवा नसला, डबलसीट दिसले, की पोलीस हवा सोडायचे. वडील एकदा बिंदू चौकातून घरापर्यंत सायकल हातात धरून, मला खांद्यावर घेऊन आले होते, आणि वाटेत पोलिसाला नव्हे, मला शिव्या देत होते. आता कर नाही, बिल्ला नाही, लायसन नाही, विमा नाही. मोटार वाहन कायद्याच्या लेखी सायकल हे मोटार वाहनच नव्हे. कर भरत होतो तेव्हा आमचा गुन्हा दिव्याचा होता. कर गेला, आता गुन्हा असण्याचाच आहे.

नेदरलँड्सचं उदाहरण दिलं की आमच्या वर्कशॉपमध्ये लोक म्हणतात, "तिथली माणसंच वेगळी." वेगळी नव्हती. १९७१ साली त्या एवढ्याशा देशात रस्त्यांवर ४०० च्या वर मुलं मेली, तेव्हा आईबाप रस्त्यावर बसले, आणि मग हळूहळू सायकलींना वाटा मिळाल्या. पुढं कायदाही असा झाला, की मोटार आणि सायकल यांची टक्कर झाली तर भरपाईचा भार मुळात मोटारवाल्यावर. सायकलवर १४ वर्षांच्या आतलं मूल असेल तर जवळजवळ सगळाच. तिथं पाठ कुणाची लागली हे बघत नाहीत. अंगावर कोण आलं आणि त्याचं वजन किती होतं, हे बघतात.

आता परवाचा शेवट सांगतो, तो माझ्या बाजूचा नाही.

कोर्ट उठल्यावर मोटारवाला पोरगा म्हणाला, "काका, बसा गाडीत, मलमपट्टी करून आणतो." सायकल टपरीवाल्याच्या हवाली केली आणि मी गाडीत बसलो. पहिलं औषधाचं दुकान दिसताच त्यानं गाडी कडेला घेतली, दोन्ही दिवे लुकलुकत ठेवले आणि म्हणाला, "दोनच मिनिटं हं." मी काही बोललो नाही. गाडीत गारवा होता, गुडघा ठणकत होता, आणि कडेला गाडी लावण्यात काय सोय असते ते मला प्रथमच आतून कळत होतं.

त्यानं दाराला उजवा हात घातला. मी ओरडलो, "डाव्या हातानं!"

तो दचकला. डावा हात उजव्या दाराकडे न्यायचा म्हणजे खांदा वळतो, खांदा वळला की मान वळते, आणि मान वळली की मागचा रस्ता दिसतो. हीही नेदरलँड्सची युक्ती. कायदा नाही, खर्च नाही, फक्त हात बदलायचा. त्यानं हात बदलला, मान वळली, आणि त्याच क्षणी सायकलवरची, निळ्या फ्रॉकमधली एक शाळकरी मुलगी, पाठीवर दप्तर, आमच्या गाडीला वळसा घालून, मागून आलेल्या टेम्पोला चुकवत, डगमगत पुढं निघून गेली. दार बंद होतं. मी श्वास सोडला.

पोरगा तिच्याकडे बघत म्हणाला, "बघा काका, कशी वेडीवाकडी चालवालीय."

आणि मी, गुडघ्यातून रक्त येत असताना, त्या गार गाडीत बसून मान डोलावली. मान डोलावून झाल्यावर मला कळलं, मी काय केलं ते. मोटारीत बसलं की दोन मिनिटांत माणूस पंच होतो.

म्हणून मी आता महापालिकेकडे ट्रॅक मागत नाही. मागितला आणि मिळाला तर त्यावर पहिली माझीच मोपेड लागेल, थोरलीची मैत्रीण तिथंच राहते. माझं मागणं वाचकांकडे आहे आणि लहान आहे. गाडी कडेला लावावीच लागली तर उतरताना लांबच्या हातानं दार उघडा. आणि रस्त्यात कुणी सायकलवाला पडलेला दिसला तर त्याला जरूर उचला, चहा पाजा, चेन बसवून द्या. घंटी वाजवली होती का, हे विचारायच्या आधी एकदा एवढंच बघा, की त्याच्या वाटेत काय उभं होतं, आणि ते तिथं कुणी लावलं होतं.